विमलबाईच्या घरात फुंकणी नव्हती

विमलबाई दुसऱ्याच्या घरी गेली की आधी माणसं बघत नसे, चूल बघत असे. कर्जतजवळ कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या त्या पन्नासेक घरांच्या गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी ते निमूट सोसलं होतं. बारशाला गेली तरी पाळण्याकडे वळायच्या आधी तिची मान स्वयंपाकघराच्या दारातून आत जायची. धोंडी वारला तेव्हा त्याच्या तेराव्याला तर कहर झाला. बाई धोंडीच्या बायकोचा हात हातात घेऊन बसली होती, रीतसर रडत होती. तेवढ्यात आतून धुराचा लोट आला. विमलबाईने हात सोडला, डोळे पुसले, आत गेली आणि पेटत्या चुलीतून पाचपैकी तीन लाकडं ओढून काढून राखेत खुपसली.

"अवो मावशी, वरण शिजायचं हाय अजून!" धोंडीची सून कळवळली.

"तुझ्या तोंडात कुनी पाची बोटं कोंबली तर तुला श्वास येईल का गं? तिलाबी येत नाय. दोनच ठेव, बारीक ठेव, आन् खालनं वारा जाऊ दे."

पाच मिनिटांत धूर गेला, वरणाला उकळी फुटली आणि विमलबाई बाहेर येऊन जिथे थांबली होती तिथून पुढे रडू लागली.

तिच्या स्वतःच्या घरात फुंकणी नव्हती. ही गोष्ट ती नव्या माणसाला ओळख झाल्यापासून दहा मिनिटांत सांगायची. कुणाच्या घरी सोनं असतं, कुणाचा मुलगा दुबईला असतो. विमलबाईच्या घरी फुंकणी नव्हती. चूल धड असेल आणि सरपण वाळकं असेल तर फुंकर मारायची वेळच येत नाही, असं तिचं म्हणणं. ज्या बाईच्या हातात फुंकणी दिसेल ती बाई तिच्या लेखी नापास. गावातल्या निम्म्या बायका अशा नापास झालेल्या होत्या आणि सुखाने जगत होत्या.

एवढा तोरा काही माहेरून आणलेला नव्हता. खालापूरकडून लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा इतर चारजणींइतकीच अडाणी होती. घरात सासू होती, धाकीबाई, आणि धाकीबाईच्या ओठांना लोखंडी फुंकणी लागलेली असायची. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, धुराला वाट नव्हती. धूर चुलीतून निघायचा, घरभर हिंडायचा, आणि कंटाळला की कौलांतून बाहेर जायचा. ओटीवर बसलेल्या पुरुषांना तो तिथवर पोचेपर्यंत विरळ झालेला असायचा, त्यामुळे त्यांचं धुराविषयी फार चांगलं मत होतं. धुराने डास पळतात. धुराने वाशांना कीड लागत नाही. वाशांची एवढी काळजी घेणाऱ्या त्या घरात धाकीबाईचे डोळे पन्नाशीच्या आत गेले. तांदळातले खडे ती बोटांनी चाचपून काढायची आणि सून जवळ आलेली बांगड्यांवरून ओळखायची. तरी चुलीसमोरून उठली नाही. आंधळ्या बाईला फुंकर मारता येत होती ना, मग झालं.

विमलबाईला चूल शिकवली बुधीने. बुधी वरच्या ठाकरवाडीतली, तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरायची. विमलबाई मोळी घेताना हातांनी उचलून बघायची आणि हटकून सगळ्यांत जड मोळी निवडायची. तेवढ्याच पैशांत जास्त लाकूड, असा हिशेब. वर्षभर बुधीने काही म्हटलं नाही. मग एके दिवशी तिला राहवेना.

"बाय, तू लाकूड घेत नाय. तू पानी इकत घेतीस," ती म्हणाली आणि ओट्याच्या पायरीवर बसून पोट धरून हसली.

मग तिने दोन लाकडं एकमेकांवर आपटून दाखवली. वाळकं होतं ते टणकन वाजलं. जड होतं ते बद्द झालं, ओल्या भिंतीवर थाप मारावी तसं. वाळक्या लाकडाच्या टोकाला भेगा पडलेल्या असतात, हाताला ते हलकं लागतं. ओलं लाकूड चुलीत घातलं की दुसऱ्या टोकातून फेस येतो. आधी ते स्वतःचं पाणी उकळतं, उरलंसुरलं तर तुझं. ऐनाचं आणि धावड्याचं लाकूड निखारा धरतं, पांगारा नुसता धुराचा धनी. आणि आज तोडलेलं आज जाळायचं नाही. एक उन्हाळा त्याला उन्हात आणि वाऱ्यात ठेवायचं, पावसाच्या आत वळचणीखाली रचायचं, दोन ओळींत हात जाईल एवढी फट सोडून.

एवढं ज्ञान बुधीने दोन कप चहावर दिलं. पुढच्या वर्षी विमलबाईने वारुळाची माती, भाताचं तूस आणि शेण कालवून नवी चूल घातली. तोंड लहान ठेवलं. आत विटेचे दोन तुकडे टाकले, म्हणजे लाकडं त्यांच्यावर टेकतील आणि खालून वारा जाईल. राहिलं धुराडं. त्यासाठी भिंतीला भोक पाडावं लागणार होतं, आणि नवऱ्याचं म्हणणं होतं की घराला भोक पाडलं तर घरातली बरकत त्यातून जाते. नवरा लावणीला शेतात गेला, तेव्हा विमलबाईने पहार घेतली आणि भोक पाडलं. बरकतीला जायचं असेल तर तिने खुशाल जावं, धूर आधी जाईल.

त्या संध्याकाळी धाकीबाई नेहमीसारखी भिंतीला धरून आली, चुलीसमोर बसली आणि नाक वर करून म्हणाली, "आज चूल पेटवली नाय का गं? उपास हाय?"

"पेटलीय की. भात शिजतोय."

म्हातारीचा विश्वास बसेना. तिने हात पुढे केला, धग लागली तसा झटकन मागे घेतला. मग पुन्हा पुढे केला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"माझ्या वक्ताला कुनी सांगितलं नाय," ती म्हणाली.

विमलबाईने दुसऱ्या दिवशी ती लोखंडी फुंकणी भंगारवाल्याला दिली. बदल्यात त्याने काय दिलं हे तिने बघितलंसुद्धा नाही.

एवढी पूर्वपीठिका सांगायचं कारण तिचा मुलगा प्रवीण. हा प्रवीण खोपोलीकडे एका कंपनीत सुपरवायझर होता. कंपनीने एक दिवस बरीच माणसं एकदम घरी पाठवली, त्यात हा घरी आला आणि महिनाभर ओटीवर बसून रस्त्यावरून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या मुंबईच्या गाड्या मोजत राहिला. मोजता मोजता त्याला साक्षात्कार झाला. रस्त्याकडेच्या तुकड्यात त्याने चार खोल्या बांधल्या, समोर कारवीच्या काड्यांच्या कुडाच्या भिंती आणि पेंढ्याचं छप्पर घालून एक चूलघर उभं केलं आणि रस्त्यावर पाटी लावली: 'विमाईची चूल. अस्सल गावरान अनुभव.' विमाई हे नाव विमलबाईला आयुष्यात कुणी घेतलं नव्हतं. पाटीवर तिचा फोटो होता. डोईवर पदर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि ओठांना फुंकणी. ती शेजारच्या मंगळ्याच्या घरून उसनी आणली होती.

"फुंकनी कशाला रं?" तिने फोटो काढताना विचारलं होतं.

"त्याशिवाय चूल वाटत नाय, आई."

पहिल्यांदा पाटीवर स्वतःला पाहिलं तेव्हा विमलबाई पाहतच राहिली. गावातल्या सगळ्या नापास बायका आता येता-जाता तिला फुंकणी फुंकताना बघणार होत्या. आठ दिवस ती त्या रस्त्याने गेली नाही.

पण धंदा चालला, हे कबूल करायला हवं. चूलघरात तिने आपल्या हाताने चूल घातली, पत्र्याचं धुराडं छपरापासून चांगलं वीतभर लांब धरून वर काढलं आणि महिन्यातून एकदा बांबूला चिंधी बांधून त्याची काजळी काढायचा नेम ठेवला. काजळी साठली की तीच पेट घेते आणि वर तर पेंढा. तांदळाच्या भाकऱ्या, गावठी कोंबडी, वालाचं बिरडं. दोन बारक्या लाकडांवर आणि मूठभर निखाऱ्यांवर ती पंधरा माणसांचं जेवण काढायची. सून सुरभी तिच्या हाताखाली. सुरभी कर्जत शहरातली, गॅसवर वाढलेली, बारीक अंगाची, लहानपणी दम्याची औषधं घेतलेली पोरगी. सासूच्या चुलीजवळ तिला कधी ठसकाही लागला नव्हता.

मग तारे आले. आकाशातले नव्हे, मोबाइलमधले. पाहुणे जेवून, ढेकर देऊन, हात जोडून जायचे आणि पनवेल यायच्या आत तारे द्यायचे. थंडीत आलेल्या एका जोडप्याने खोलीत निखाऱ्यांची शेगडी मागून घेतली आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या. विमलबाईला कळलं तशी ती दार वाजवून आत गेली, शेगडी उचलून अंगणात आणली आणि त्यांना दोन गोधड्या देऊन सांगितलं, "बंद खोलीत निखारा घेऊन निजू नये. सकाळी माणूस उठत नाय." त्या जोडप्याने लिहिलं, निसर्ग सुंदर, स्टाफ उद्धट, दोन तारे. जिवंत राहिले म्हणून लिहू शकले, एवढं त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

ते प्रवीणने गिळलं. पण मग नव्या मुंबईच्या एका बाईचं आलं, ते त्याने तोंड वेंगाडून आईला वाचून दाखवलं: "'जेवण चांगलं. पण चुलीचा फील नाही. धूर अजिबात नव्हता. आत गॅसवर करून बाहेर चूल फक्त दाखवायला ठेवली असावी. फसवणूक.' एक तारा, आई. एक!"

विमलबाईला आधी नीट समजलं नाही. मग समजलं. चाळीस वर्षं जी गोष्ट तिने मिरवली, तिचाच दाखला देऊन ही बाई तिला लबाड म्हणत होती. धाकीबाईला डोळे नव्हते म्हणून तिला वाटलं चूल पेटलेली नाही. या बाईला तर डोळे होते आणि वर काळा चष्मा होता.

"थोडा धूर काढ, आई," प्रवीण म्हणाला.

"काय काढू?"

"धूर. फोटोत दिसाया पायजे. लोकं त्यासाठीच येतात."

"माज्या चुलीतनं धूर निघनार नाय. धूर पायजे तर तुजं डोकं घाल तिच्यात." ती उठली, मागच्या अंगणात घातलेल्या आपल्या घरच्या चुलीकडे गेली आणि चूलघरात पाऊल टाकायचं तिने बंद केलं.

तिला वाटलं, दोन दिवसांत पोरगा नाक घासत येईल. इथे ती चुकली, आणि पुढे हे तिला फार लागलं. पोरगा नाक घासायला आला नाही. त्याने तिच्या जागेवर सुरभीला बसवलं.

नऊवारी, नथ, हातभर हिरव्या बांगड्या, आणि नवी कोरी पितळी फुंकणी. प्रवीणने आधी एक लग्नातलं यंत्र आणून पाहिलं होतं, नवरा-नवरीच्या पायाशी थंडगार पांढरे ढग सोडतं ते. पण त्या धुराला गुलाबाचा वास यायचा आणि तो वर जायलाच तयार नव्हता. कोंबड्या त्यात गुडघाभर बुडून हिंडू लागल्या. तेव्हा त्याने यंत्र परत केलं आणि ओला पांगारा आणला. धूर झाला. फोटो आले. तारे वाढले. तीन झाले, चार झाले. प्रवीण मोबाइल घेऊन गावात असा फिरायचा, जणू तारे त्याने स्वतः उपटून आणलेत.

सुरभी मात्र खोकू लागली. आधी भाकऱ्या थापताना, मग रात्री, मग ओटीच्या पायऱ्या चढताना. "थोडी सर्दी आहे, आई," ती म्हणायची. ती भांडणारी नव्हती. नवऱ्याचा धंदा नुकता मार्गी लागत होता, सासू रुसली होती, मधे ही बसली होती. विमलबाई मागच्या अंगणातून तो खोकला ऐकायची. जावं, पोरीला उठवावं, असं तिला रोज वाटायचं. पण आपण गेलो तर प्रवीण जिंकला, हेही वाटायचं. मान मोठा ठरला आणि ती गेली नाही. दीड महिना गेली नाही.

एका सकाळी सुरभीला बोलतासुद्धा येईना. ओठ निळसर पडले होते, गळ्याखाली खड्डा पडत होता. रिक्षातून तिला कर्जतला नेलं. डॉक्टरांनी वाफ दिली, छाती तपासली आणि प्रवीणला विचारलं, "घरात कोण सिगारेट ओढतं?"

"कुनी नाय."

"मग ही रोज कुठे बसते?"

प्रवीण खिशातला मोबाइल चाचपू लागला. सुरभीला बोलवत नव्हतं. विमलबाईने सांगितलं, "चुलीसमोर, डॉक्टर." तोंडातून शब्द निघाले आणि त्या शब्दांची तिला शरम वाटली. डॉक्टरांनी तोंडाने ओढायचा पंप लिहून दिला आणि सांगितलं की पुन्हा धुरात बसली तर पुढच्या वेळी हे इतक्यावर निभावणार नाही. पोरीचा श्वास विमलबाईच्या नावाच्या पाटीखाली गेला होता. धाकीबाईच्या वेळी निदान कुणाला ठाऊक नव्हतं. इथे तर घरात सगळं ठाऊक असलेली बाई मागच्या अंगणात रुसून बसली होती.

परत आल्या आल्या ती चूलघरात शिरली. चूल विझलेली होती तरी आत धुराचा कोंडमारा होता. ओला पांगारा होता हे खरं, पण धुराडं होतं ना? एवढा धूर आत राहिलाच कसा? तिने बांबू घेतला आणि धुराड्यात खालून खुपसला. दोनदा अडला. तिसऱ्यांदा तिने अंगाचा जोर लावला, तसा काळा, अर्धवट जळालेला, कडांना अजून धुमसणारा एक गोळा तिच्या पायाशी पडला.

गोणपाट होतं. धुराड्यात गोणपाट कोंबलं होतं. वर दोन हातांवर पेंढ्याचं छप्पर.

"परवीन!"

ही हाक वरच्या ठाकरवाडीत ऐकू गेली असं बुधी पुढे सांगायची, पण बुधी तशी वाढवून सांगते.

प्रवीण आला, गोणपाटाकडे बघितलं आणि जमिनीकडे बघू लागला. "धूर लगेच वर निघून जायचा, आई. फोटो काढंस्तवर राहायचाच नाय. म्हनून..."

"आग लागली असती तर?"

"लागली नाय ना."

"आन् ती पोर?"

"मला काय म्हायती तिला एवढं व्हईल? मी काय मुद्दाम केलं का?" त्याचा आवाज रडवेला झाला होता, पण हात मोबाइलवर होता. "आई, शनिवारी मोठा ग्रूप हाय. होळीपर्यंत सीझन हाय. एवढा सीझन काढू दे, मग तू म्हनशील तसं."

विमलबाईने एक मुस्काटीत द्यावी म्हणून हात उचललाही होता. पण तो खाली घेतला. एवढा बाप्या झालेला मुलगा, मारून काय समजणार होता. त्यापेक्षा ती म्हणाली, "बरं. काढ सीझन. शनवारी मी बघते. पन सुरभी आजपासून इथं येनार नाय."

प्रवीणला वाटलं आई नमली. तो इतका खूश झाला की गोणपाट त्यानेच उचलून बाहेर फेकलं.

शुक्रवारभर ती कामाला लागली. दोन गडी बोलावून तिने चूलघराचे तीन बाजूंचे कूड पाडले आणि वरचा पेंढा उतरवून पत्रे घातले. चुलीजवळ पाण्याच्या दोन बादल्या ठेवल्या. तिचा बेत साधा होता. धूर पाहिजे ना यांना? मग धूर यांनीच खायचा. एक वेळ डोळ्यांत गेला की पुन्हा कुणी धुराचं नाव काढणार नाही.

शनिवारी चौदाजण आले. विमलबाईने सगळ्या बायकांना ओढण्या आणि पदर कमरेला खोचायला लावले, पुरुषांना पाट दिले आणि जाहीर केलं, "आज तुमी चूल फुंकायची. खरं पायजे ना तुमाला? बसा." मग ओल्या पांगाऱ्याची पाच जाड लाकडं चुलीच्या तोंडात गच्च कोंबली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने चूल अशी बिघडवली होती.

चौदाजणांनी आळीपाळीने फुंकणी फुंकली. धुराचे लोट उठले. ते खोकले, शिंकले, नाकं शिंकरली. एका बाईच्या डोळ्यांतलं काजळ गालांवरून हनुवटीपर्यंत ओघळलं. एक गृहस्थ उठून कुंपणाशी गेले, ओकारी काढून परत आले आणि पुन्हा नंबर लावला. विमलबाई समोर पाटावर बसून त्यांनी पळून जायची वाट बघत राहिली.

कुणी पळालं नाही. संध्याकाळी प्रवीण नाचत आत आला. "आई, पाच! चौदाच्या चौदाजनांनी पाच तारे!" आणि वाचू लागला. डोळ्यांत पाणी आलं, आजीची आठवण आली. मातीशी नाळ जुळली. मुलांना खरं जीवन कळलं. काजळवाल्या बाईने लिहिलं होतं की इतकं मोकळं तिला कित्येक वर्षांत रडता आलं नव्हतं.

विमलबाईचा सपशेल पराभव झाला. बुधी दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिने हे सगळं तिला सांगितलं. बुधी आता मोळ्या आणत नाही. नातवाने, रूपेशने, घरी गॅस घेतला आहे आणि ती त्याच्यावर दिवसातून चार वेळा चहा करते. "गॅस ब्येस हाय, बाय. बटन फिरिवलं की झालं," ती म्हणाली. मग पाहुण्यांची हकीगत ऐकून तिने विचारलं, "पैसं देऊन धूर खात्यात?" आणि मागच्या पायरीवर बसून पोट धरून हसली, तशीच, चाळीस वर्षांपूर्वी हसली होती तशी. हसताना तिचं लक्ष मागच्या अंगणात गेलं. तिथे सुरभी मोकळ्या हवेत खुर्चीत बसून फोनवर बुकिंग घेत होती. एका दमात आठ-दहा वाक्यं बोलत होती, मधे कुठेही न थांबता.

ते विमलबाईनेही ऐकलं, आणि पराभव तिला एकदम हलका वाटला.

मग तिने नियम घातले. पाहुण्यांचं खरं जेवण मागच्या अंगणात, तिच्या घरच्या चुलीवर, वाळक्या ऐनावर होणार. तिथे पाहुण्यांना मज्जाव, कारण तिथे धूर नसल्यामुळे त्यांचा हिरमोड होईल. पुढच्या चुलीवर नुसतं पाणी तापणार आणि पाहुणे फुंकणार. सुरभी फोन सांभाळणार. आता पुढच्या चुलीशी कुणीतरी कायमचं बसायला हवं होतं. लाकडं ओली ठेवायची, आग भडकू द्यायची नाही, विझूही द्यायची नाही, फुंकणी धरायची कशी ते प्रत्येक पाहुण्याला करून दाखवायचं. धंदा ज्याचा, त्याने बसावं.  प्रवीणने पागोटं बांधलं, कुडतं घातलं आणि बसला.

पहिल्या आठवड्यात त्याचे फोटो फार छान आले. दुसऱ्या आठवड्यात तो सकाळी उठला की पापण्या चिकटलेल्या असायच्या. तिसऱ्या रविवारी, सकाळची गाडी गेली आणि दुपारची यायची होती त्या मधल्या वेळात, तो मागच्या अंगणात आला आणि आईच्या चुलीशेजारी उकिडवा बसला. डोळे लालभडक झाले होते, आवाज बसला होता. विमलबाई भाकरी शेकत होती. चुलीत दोन बारकी लाकडं जळत होती आणि धुराड्यावरची हवा नुसती थरथरत होती.

"आई," तो म्हणाला, "ह्यो धूर जरा कमी कसा करायचा गं? मला शिकव ना."

विमलबाईने भाकरी उलटली. या घरात धाकीबाईच्या आधीपासून चुली पेटत होत्या, आणि ओटीवर बसलेल्या कुठल्याच पुरुषाने आजवर हा प्रश्न विचारला नव्हता. तिच्या नवऱ्याने नाही, सासऱ्याने नाही. याने विचारला, तोही तीन आठवड्यांत. तिला हसू आलं, रागही आला, आणि त्या लाल डोळ्यांची दयाही आली, कारण पोटचा होता. त्याच्या हातात ती पितळी फुंकणी होती आणि तिच्या टोकाला त्याच्या ओठांचा ओला डाग होता.

तिने घागरीतलं गार पाणी तांब्यात घेतलं, त्याचं तोंड वर केलं आणि दोन्ही डोळ्यांवर सावकाश ओतलं. पदराने पुसलं.

"धूर कमी केला तर तारे कमी व्हतील रं," ती म्हणाली. "तुझ्या आजीनं तीस वर्सं फुंकली. तू सीझन तरी काढ. होळी झाली की सांगीन."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. प्रवीण उठला, पागोटं नीट केलं आणि फुंकणी घेऊन पुढे गेला.